पिकअपच्या पाठीवरची खोली

काल सकाळी तळवड्याच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते, तेव्हा थंडी आल्याचं आधी माझ्या नाकाला कळलं. पलीकडच्या शेडच्या दाराशी रात्रपाळीचे दोघं-तिघं शेकोटी करून बसले होते. आमच्या या पट्ट्यातल्या शेकोट्यांना वेगळाच वास असतो. इथं गोवऱ्या नाहीत, बाभळीचं सरपण नाही. परदेशातून यंत्रं येतात, ती ज्या खोक्यांत बसून येतात त्या खोक्यांच्या फळ्या इथं जळतात. कुठल्या तरी लांबच्या मुलखातलं ते पिवळट, हलकं लाकूड चटकन पेट घेतं आणि धुराला राळेसारखा गोडसर वास येतो. तो वास आला आणि दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा अख्खाच्या अख्खा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. बस आली, मी चढले, खिडकीशी बसले, आणि चाकण येईपर्यंत मी त्याच हिवाळ्यात होते.

त्या हिवाळ्यात आमच्या अंघोळीच्या पाण्याला हा वास होता. अंगणातल्या बंबात आत्या रोज एकेक फळी मोडून घालायच्या आणि म्हणायच्या, “चीनच्या लाकडावर तापलंय गं पाणी, घे चांगलं चार तांबं जास्त!” आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. मी मूळची बार्शीची, लग्न होऊन तळवड्यात आले, आणि ‘आत्या’ हा शब्द जिभेवर बसायला मला वर्षभर लागलं. आता तर माहेरी गेले की सख्ख्या आत्यालाच हाक मारताना अडखळायला होतं.

ते लाकूड ज्या खोक्याचं होतं, त्या खोक्यातून आमच्या घरी एक खोली आली होती. शब्दशः खोली. तिची गोष्ट सांगायची, तर आधी आत्यांची सांगायला हवी.

मी या घरात आले तेव्हा आत्या म्हणजे वारं होत्या. शेत होतं तोवर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन चाकणच्या बाजाराला जायच्या. शेतावर शेड उभ्या राहिल्या तरी त्यांचे पाय थांबले नाहीत. कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा, कुणाची म्हैस व्यालेली बघायला जाणं, काहीही निमित्त चालायचं. पदर खोचला की निघाल्या. संतोष, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा, “आईला शोधायचं तर आधी गावातल्या सगळ्या चुली बघून याव्या लागतात.”

मग एका उन्हाळ्यात मंचरकडचं एक लग्न आटोपून आम्ही परत येत होतो. संतोषची दोन ओळींच्या सीटची पिकअप आहे. तो छोट्या कारखान्यांतले कॉम्प्रेसर दुरुस्त करतो, मागच्या हौद्यात त्याची हत्यारं आणि यंत्रं असतात. चाकणच्या अलीकडे गाड्यांची जी रांग लागली, ती हलेचना. आत्यांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नव्हता, हे मला माहीत होतं. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत, यात आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. मीही पीत नाही. तरी आत्यांची चुळबुळ सुरू झाली. एका पंपावर उतरलो, तर संडासाला कुलूप आणि किल्लीवाला जेवायला गेलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती. आडोसा म्हणून एक झुडूप नाही. “आलंच आई, पाच मिनिटं,” संतोष म्हणत राहिला. आणि मग आत्यांची चुळबुळ एकदम थांबली. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला कळलं. लग्नात मिळालेली नवी शाल माझ्या पिशवीत होती, ती मी उलगडून त्यांच्या मांडीवर घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर कुणाला हात लावू न देता त्यांनी सीटचं कव्हर स्वतः धुतलं.

त्यानंतर त्यांचे गुडघे दुखायला लागले. म्हणजे त्या तसं सांगायला लागल्या. लग्न आलं की गुडघे, जत्रा आली की गुडघे. मी त्यांना एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, गुडघ्यांसाठी नव्हे. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, निम्मा त्रास खरंच गेला. भीती मात्र होती तेवढीच राहिली. गल्लीच्या टोकाला देवळात जायचं असलं तरी दुपारपासून चहा बंद. त्यांची धाकटी बहीण, ताराबाई, ओतूरला दिलेली. तिचा दर आठ-पंधरा दिवसांनी फोन यायचा, “अक्का, कवा येतीस?” आणि इकडून उत्तर जायचं, “येते की, जरा थंडी पडू दे.” थंडी पडायची. मग, “ऊन तापू दे, गुडघं मोकळं व्हत्यात.” ऊन तापायचं. वारं असं हळूहळू एका खोलीत येऊन बसलं, आणि आम्ही सगळे त्याला म्हातारपण म्हणायला लागलो.

मी चाकणच्या एका कंपनीत आयात विभागात काम करते. कुठून कुठून सुटे भाग येतात, त्यांच्या कागदांचं मी बघते. जहाज कुठं आहे, माल कधी सुटेल, हा माझा रोजचा जप. इतकी वर्षं जगभरातून माल मागवला, पण घरासाठी परदेशातून कधी एक चमचाही मागवला नव्हता. एका दुपारी डबा खाता खाता मोबाइलवर एक व्हिडिओ पुढं आला. कुठलं तरी परदेशी म्हातारं जोडपं. त्यांच्या पिकअपच्या हौद्यात एक बसकी पेटी ठेवलेली. म्हाताऱ्यानं चार चाप सोडले, छत वर ढकललं, आणि छत्री उघडावी तशी ती पेटी उघडली. छताखाली चारी बाजूंनी ताडपत्रीच्या भिंती, त्यांना जाळीच्या खिडक्या, आत पलंग, शेगडीचा ओटा. त्याला पॉप-अप कॅम्पर म्हणतात, हे मला नंतर कळलं. लोक त्यात डोंगर बघतील, तळी बघतील. मी मात्र व्हिडिओ थांबवून मागं नेला आणि पुन्हा पाहिला. म्हातारीनं पलंगाखालचा एक खण उघडला होता. आत संडासाचं भांडं होतं.

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

आपल्याकडे अशा गाड्या बनवून देणारे आहेत, पण त्या अख्ख्या गाड्या, आणि आपल्या ऐपतीच्या पार पलीकडच्या. चीनमधले काही कारखाने मात्र हे खोकं थेट विकतात, मधे कुणी नाही, आणि ते आमच्या आवाक्यातलं होतं. मी त्यातल्या एकाला पत्र लिहिलं. ऑफिसात रोज लिहिते तसंच, अगदी रुक्ष. फक्त शेवटी एक ओळ जास्तीची घातली, की वापरणारी बाई वयस्कर आहे. विवियन नावाच्या मुलीचं उत्तर आलं. बाकीच्या सगळ्या प्रश्नांच्या आधी तिनं त्या शेवटच्या ओळीला उत्तर दिलं होतं. तेव्हाच माझं मन झालं.

संतोषचं मन व्हायला वेळ लागला. “अगं, कोण कुठली माणसं! समोरासमोर बघितलं नाही, हात लावला नाही. खोक्यातनं विटा निघाल्या म्हणजे?”

“आमच्या कंपनीत रोज येतो माल. कधी निघाल्या का विटा?”

“कंपनीला फसवायला घाबरतील. आपल्याला कशाला घाबरतील?”

“मग आपण व्हिडिओवर सगळं बघून घेऊ. स्क्रूसुद्धा.”

 तो हळूच म्हणाला, “आईसाठी म्हणतेस ना?” मी हो म्हटलं. त्यावर त्यानं विटांचा विषय काढला नाही.

आत्यांना आम्ही फक्त फिरायला जायची गाडी म्हणून सांगितलं होतं. “कशाला ते खूळ?” एवढंच त्या म्हणाल्या. दसऱ्याच्या आसपासची एक संध्याकाळ. विवियननं कारखान्यातून व्हिडिओ कॉल केला. मी आणि संतोष कोचावर मोबाइल धरून, आणि आत्या कोपऱ्यात लसूण सोलत, आपलं लक्षच नाही असं दाखवत. विवियन म्हणजे पंचविशीतली मुलगी, जाड भिंगांचा चष्मा, निळा कोट. तिनं छत उघडून दाखवलं, मिटून दाखवलं. पंखा, दिवा, शेगडी. मग वाकून तो खण ओढला.

“ते काय गं?” आत्यांचा आवाज आला.

“संडास आहे, आत्या.”

लसणाची पाकळी परातीत पडली. “गाडीत?”

“गाडीत.”

आत्या उठल्या, पदराला हात पुसत माझ्या खांद्यामागं येऊन उभ्या राहिल्या. “दार हाय का त्याला?”

“पडदा आहे. आणि बाहेरच्या दाराला आतून कडी.”

“वास?”

मी विचारलं. विवियननं खालची टाकी काढून, तिचं झाकण घट्ट लावून, ती उलटी करून दाखवली. घरी आणून रिकामी करायची, धुवायची, म्हणाली.  आत्या म्हणाल्या, “तिला म्हन, बसून दाव.”

“आत्या!”

“अगं, म्हन तर! घोडं घेताना बसून बघत्यात का न्हाई?”

मी काय शब्द जुळवले ते आठवत नाही. विवियन आधी समजली नाही, मग समजली, मग तिनं मागं वळून कुणाला तरी काही सांगितलं आणि तिकडं हशा पिकला. तिनं मोबाइल एका कामगाराच्या हातात दिला, आत चढली, आणि निळ्या कोटासकट त्या भांड्याच्या झाकणावर जाऊन बसली. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, वर्गाचा फोटो काढताना पहिल्या रांगेतली मुलगी बसते तशी. “ओके?” तिनं विचारलं.

“पाय टेकलं का तिचं?” आत्या स्क्रीनवर वाकल्या. “टेकलं. पन माझं न्हाई टेकायचं. मी तिच्यापरीस बुटकी हाय. तिला सांग.”

मी सांगितलं. विवियन म्हणाली, माझी आजीसुद्धा बुटकी आहे, काळजी करू नका. आणि मग तिनं थेट आत्यांकडे बघून हात हलवला. आत्यांनीही हलवला. लसणाचा हात.

त्यांना ते नाव काही उच्चारता येईना. दुसऱ्या दिवसापासून विवियनची विमल झाली. जेवताना आत्या म्हणाल्या, “कवा येईल म्हनाली इमल?” खूळ हा शब्द घरातून त्या दिवशी गेला तो गेला.

आणि मग वाट बघणं. वाट बघायची मला सवय होती, पण ती कंपनीच्या मालाची. इथं रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा, “कुटवर आली?” मी मोबाइलवर जहाजाचा ठिपका दाखवायची. निळ्या पाण्यात एक बारीक बाण. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, रिकाम्या प्लॉटांवर धुकं उतरायला लागलं, पहाटपाळीच्या बसचे दिवे त्या धुक्यात नुसते पिवळे डाग दिसायला लागले. एकदा मी म्हटलं, “आत्या, आज श्रीलंकेच्या खाली आहे.” त्यांनी कानांना हात लावला. “लंकेवरनं येती व्हय! मंग धड येऊ दे बाई.”

माल बंदरात उतरला आणि तिथं थोडे दिवस अडकून बसला. माझ्या ओळखीच्या क्लिअरिंग एजंटचा फोन आला. “मॅडम, हे नक्की काय मागवलंय? कस्टमचे साहेब विचारतायत, गाडी आहे का?”

“नाही हो. इंजिन नाही, चाकं नाहीत.”

“मग फर्निचर?”

“खोली आहे ती.”

“घर म्हणून आणताय?” तो हसायला लागला. “इतक्या वर्षांत तुमचा एक कागद मागं आला नाही, आणि आज हे!” शेवटी फोटो गेले, माहितीपत्रक गेलं, तिथल्या माणसांनी खोकं उघडून नीट पाहिलं, आणि माल सुटला. इकडं गाडीच्या कागदपत्रांचंही संतोषनं आधीच विचारून ठेवलं होतं. खोली हौद्यावर नुसती बसणार होती, हवी तेव्हा उतरवता येणारी. गाडीला कुठं काही कापायचं-जोडायचं नव्हतं.

ती आली ती दुपार मला अजून स्वच्छ दिसते. मार्गशीर्षातलं उबदार ऊन होतं, अंगणात आत्यांनी बाजरी वाळत घातली होती. ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला. संतोषचा मित्र रामदास, त्याची तळवड्यातच फॅब्रिकेशनची, म्हणजे लोखंडी जोडकामाची शेड आहे, तो हायड्रा घेऊन आला. हायड्रा म्हणजे ती छोटी पिवळी क्रेन, आमच्या भागात बैलगाडीसारखी फिरते. अर्धी गल्ली बघायला जमली. पहार घालून पहिली फळी निघाली आणि संतोषनं भीत भीत आत डोकावलं.

“विटा न्हाईत ना रं?” आत्यांनी विचारलं. म्हणजे त्यांनी तेव्हाचं सगळं ऐकलं होतं.

विटा नव्हत्या. पांढरी शुभ्र पेटी होती, आणि तिच्या आत, पलंगाला पट्ट्यानं बांधलेला, एक छोटासा लाकडी पाट. घडवलेला, घासलेला, खाली रबर लावलेला. पायांखाली घ्यायला. कुठल्याही कागदात त्याचा उल्लेख नव्हता. आत्यांनी तो पाट उचलून घेतला, उलटासुलटा केला आणि आत नेऊन देवघरापुढं ठेवला. हळद-कुंकू लावून मग त्याची गाडीत रवानगी झाली.

अडचण एक आलीच. आपल्या पिकअपचा हौदा तिकडच्यापेक्षा वेगळा, खोली त्यात पुरती बसेना, एका बाजूनं कलंडायला लागली. संतोषचं तोंड उतरलं. रामदासनं मापं घेतली, खाली एक लोखंडी चौकट बनवायची ठरली. दोघं दोन संध्याकाळी भांडत, चहा पीत, ठिणग्या उडवत बसले, आणि तिसऱ्या दिवशी खोली गाडीच्या पाठीवर अशी बसली, जशी जन्मापासून तिथंच होती.

पुढचे काही दिवस मी आत्यांचं एक नवीन वागणं बघत होते. दुपारी गाडी घरी असली, की त्या घरातला संडास सोडून अंगणात जायच्या. मागची पायरी चढायच्या, दाराला आतून कडी. थोड्या वेळानं बाहेर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पोहायला शिकणारं माणूस आधी काठाकाठानं करतं, तसं.  एका दुपारी त्या स्वतःच म्हणाल्या, “वैशे, ताराला फोन लाव. म्हनावं, भोगीला येतो.”

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. संतोष पुढं, मी आणि आत्या मागच्या सीटवर. हवा अशी, की काच खाली केली की कान दुखावेत आणि वर केली की झोप यावी. आत्यांनी निघताना चहा घेतला नाही. मी बघितलं, पण आग्रह केला नाही. तळवड्याच्या बाहेर पडून नाशिक रस्त्याला लागलो आणि चाकणच्या चौकात, व्हायचं तेच झालं. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, डाव्या हाताला कंपनीची बस, उजव्या हाताला उसाचा ट्रॅक्टर. सगळं ठप्प.

आत्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला त्या बघण्याची ओळख होती.  मी त्यांचा हात धरला. “आत्या, चला.”

“कुटं? हितं? चौकात?”

“मग कशाला आणलीय ती लंकेवरनं?”

एक क्षण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पदर खोचला. कित्येक दिवसांनी मी त्यांना असा पदर खोचताना बघत होते. आम्ही दोघी उतरलो, मागं गेलो, दार उघडलं. छत मिटलेलं असलं की आत ताठ उभं राहता येत नाही. मी कंबरेत वाकले, आत्यांना वाकायची गरजच पडली नाही. “बुटकं असल्याचा आज उपेग झाला,” म्हणाल्या. मी पाट सरकवला, पडदा ओढला, दाराला कडी घातली आणि दाराशी पाठमोरी बसले. बाहेर जगभराचे हॉर्न वाजत होते.

आणि नेमकी तेव्हाच रांग सुटली. हवालदाराची शिट्टी ऐकू आली, मागच्या कंटेनरचा भोंगा, आणि संतोष ओरडत होता, “आई, झालं का? पोलीस थांबू देईना!” गाडी हलली. मी ओट्याला धरलं. पडद्याआडून आवाज आला, “अरं, हळू घे मुडद्या! आई बसलीय तुजी!” आणि मग हसू. आधी बारीक, मग मोठं, मग आवरेना असं. मीही हसायला लागले. चाकणच्या चौकातून, कंटेनरांच्या मधून, आमची ती पांढरी खोली हसत हसत निघाली होती. थोडं पुढं जाऊन संतोषनं कडेला घेतली तेव्हा आम्ही दोघी डोळे पुसत खाली उतरलो. तो घाबरून विचारत होता, “लागलं का? पडली का आई?” आत्या म्हणाल्या, “काय न्हाई लागलं. चहाचं हाटेल कुटं हाय ते बघ.”

राजगुरुनगर सोडल्यावर एका टपरीवर त्यांनी चहा घेतला. मग दुसरा घेतला. मग माझ्या बाटलीतलं पाणी, गटागटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. आपण ज्याला साधं म्हणतो ते किती थोड्यांना साधं असतं! आमच्या पट्ट्यात सगळं हलत असतं. लोखंड हलतं, गाड्या हलतात, माणसं तीन पाळ्यांत हलतात, सातासमुद्रापलीकडचा माल हलत येतो. त्या सगळ्या हलण्यात एक बाई चहाच्या एका कपामुळं घरात अडकून पडते, हे कुठल्याच नकाशावर ठिपका होऊन दिसत नाही.

ओतूरला तारामावशींच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्या कांद्याच्या वाफ्यातून धावत आल्या. गाडीकडे बघून जागच्या जागी थबकल्या. “अक्का! घरच घिऊन आलीस व्हय गं?”

“व्हय. तुजा संडास जिना चढून हाय. म्हनून म्या माजा आनला!”

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मावशी रडल्या. आत्या रडल्या नाहीत. त्यांना खोली दाखवायची घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी भोगी. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, घेवडा-वांगी-हरभऱ्याची ती मिळून-मिसळून केलेली भाजी, वर लोण्याचा गोळा. उन्हात गाडी उभी होती, छत उघडलेलं, आणि दोघी बहिणी वरच्या पलंगावर मांडी घालून मटार सोलत होत्या. जाळीच्या खिडकीतून टरफलं खाली फेकत होत्या, आणि मावशींची शेळी ती वरच्या वर झेलत होती. वस्तीवरची माणसं बघायला येत होती. मला एक गंमत दिसली. पुरुष येत, ते खोलीखालची लोखंडी चौकट बघत, बॅटरी बघत, संतोषला वजन विचारत. बायका येत, इकडंतिकडं बघितल्यासारखं करत, आणि मग आवाज खाली आणून एकच गोष्ट विचारत. आत्या खण उघडायच्या, पाट ठेवायच्या आणि बसून दाखवायच्या. गुडघे जुळवून, हात मांडीवर. हुबेहूब विमल. मी एक फोटो काढून तिला पाठवला. तिकडून तोंडावर हात धरून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांगच आली, आणि खाली एक ओळ: आजीला दाखवते.

तिथल्या शाळेतल्या एक बाई, माझ्याच वयाच्या, निघताना माझ्याजवळ घोटाळल्या. “मला एवढी मोठी नाही परवडायची,” म्हणाल्या, “पण नुसतं ते भांडं मिळतं का हो? शाळेत आम्हा बायकांसाठी वेगळं असं नाही.” मी त्यांना विवियनचा पत्ता दिला. त्यांच्याकडे त्यातलं काय पोचलं, शाळेनं काय केलं, मला माहीत नाही. कधी कधी आठवण येते.

आम्ही दोन दिवस राहणार होतो. आत्यांनी पाच दिवस केले. संतोषची कामं खोळंबली, मला रजा वाढवावी लागली, पण परत निघायचं नाव कुणी काढलं नाही. थंडी इतकी, की सकाळी ताडपत्रीवर दव साचून थेंब थेंब गळायचं, आणि आत दोन म्हाताऱ्या एका गोधडीत बसून अशा खिदळायच्या, की मावशींची सून मला म्हणाली, “आमच्या आत्याबाईंना हसताना दात दिसतात हे मला आजच कळलं.”

त्या हिवाळ्यानंतर खोली कुठं कुठं गेली, ते सांगत बसत नाही. पण काल संध्याकाळी कामावरून आले, तर अंगणात गल्लीतल्या तिघी जमलेल्या. एकीनं स्वेटर आणलेला, एकीनं चटणीची बरणी, तिसरीनं तर उशीच. संतोष टायरमधली हवा बघत होता.

“उद्या जातोय आमी,” आत्या म्हणाल्या. “जुन्नरकडं. हुरड्याला.”

“उद्या? बरं, मी रजा टाकते मग.”

आत्यांनी माझ्याकडे जरा संकोचून पाहिलं. “तसं न्हवं गं. गाडीत पाचच मानसं बसत्यात. आमी चौघी, आन संतोष. तू ऱ्हा की घरी.”

क्षणभर मला खरंच लागलं. ज्या खोलीसाठी मी एवढा समुद्र पालथा घातला, तिच्यातून मलाच उतरवलं! आणि पुढच्याच क्षणी इतकं हसू फुटलं, की त्या चौघीही हसायला लागल्या, कशाला ते न कळता.

आज सकाळी त्या गेल्या. धुक्यात गाडीचे मागचे दिवे वळणावरून दिसेनासे झाले. मी दिवसभर ऑफिसात होते. संध्याकाळी घरी आले, दार उघडलं, आणि फोन वाजला. मागं गलका, कुणी तरी गात होतं, कुणी तरी चुकलेली ओळ सुधारत होतं.

“वैशे, आयकतीस का?” आत्या ओरडून बोलत होत्या. “आमाला आज यायला जमायचं न्हाई. हितं लई ग्वाड हुरडा हाय. उद्याचंबी काय सांगता येत न्हाई बघ. तू वाट नको बघू. जेवून घे.”

बरं म्हटलं. फोन ठेवला, आणि एकटीपुरता भात टाकला.